धुतलेली रेती

मिठाची वाटी तुळसाने आणून हॉलच्या मधोमध ठेवली आणि ती आपल्या नेहमीच्या जागी, खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून बसली. पितळेची जुनी वाटी, काठ एका बाजूला चेपलेला. या घरात जमिनीचा व्यवहार ठरायचा असला की ती बाहेर निघायची. ज्याला शब्द द्यायचा त्याने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं आणि मग बोलायचं. कोपरच्या खाडीकाठी तुळसाच्या बापाचं मिठागर होतं तेव्हापासूनची ही रीत. मिठागर गेलं, भातशेती गेली, शेतावर लोकांच्या इमारती उभ्या राहिल्या, वाटी मात्र घरात टिकली.

"आत्या, त्यात एक चमचा तरी ठेव," हितेश म्हणाला. "बंटीभाई पहिल्यांदाच येतायत घरी."

"मिठाला चमचा कशाला? लोणचं हाय का ते?"

हितेश हसला. हसायला त्याला काय झालं होतं? हे घर पाडून टॉवर बांधायला जागा बिल्डरला द्यायची सही आज व्हायची होती, त्याच्या मनासारखं होणार होतं. बिल्डरचा माणूस बंटी सोफ्यावर बसून टॅब पुसत होता. हितेशचा बाप गोविंदा, घरातला सगळ्यात मोठा, एक्याऐंशी वर्षांचा, धुवट सदरा घालून आरामखुर्चीत तयार बसला होता. हितेशची बायको स्वप्ना सरबताचे ग्लास फिरवत होती आणि फिरवता फिरवता सवयीने वर बघत होती.

वर, छताखाली, चारी भिंतींना खिळे मारून हिरवी जाळी बांधलेली होती. संक्रांतीला स्वप्ना इथेच बसून लाडू वळत असताना छताचा परातीएवढा तुकडा तिच्या शेजारी येऊन पडला होता. चार बोटं इकडे पडला असता तर आज सरबत फिरवायला ती नसती. त्या दिवसापासून जाळी आली, आणि जाळीत रोज काहीतरी पडायचं. कधी पोपडा, कधी गंजलेल्या सळईचा खवला. ते काढून टाकायचं काम तुळसाचं होतं.

जागेच्या कागदावर नावं दोनच होती, गोविंदाचं आणि त्याच्या या धाकट्या बहिणीचं. तुळसा बत्तिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती इथेच राहिली. आता ती चौऱ्याहत्तरची होती. बेचाळीस वर्षांत भावाने तिला कधी "किती दिवस राहणार" असं विचारलं नाही, आणि भावजय जिवंत असेपर्यंत तिनेही विचारलं नाही. त्यामुळे आजची सही ती करणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनेही धरलंच होतं. गेले आठ दिवस मात्र तिला जेवण गोड लागत नव्हतं.

"तर आजी, बघा," बंटीने टॅब तिच्यासमोर धरला. "बावीस मजले. ही सगळी काच. संध्याकाळी सनसेट डायरेक्ट हॉलमध्ये! आणि ग्रीन बिल्डिंग आहे बरं का. प्रत्येक बाल्कनीत झाडं."

"झाडाला पाणी कोण घालल?"

"ऑटोमॅटिक, आजी."

"मावळतीच्या उन्हात, काचेम्होरं, कुंडीत," तुळसा म्हणाली. "जल्लं, झाडानं तुमचं काय वाकडं केलंय?"

स्वप्नाने तोंडाला पदर लावला. बंटीला काही कळलं नाही, पण तोही हसला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात संचिता उभी राहिली. हितेश-स्वप्नाची मुलगी, सव्वीस वर्षांची, माजिवड्याला एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला. आज येऊ नकोस असं बापाने सकाळी बजावलं होतं. ती घामाने चिंब झाली होती. दोन्ही हातांत एक मोठं खोकं सांभाळून धरलेलं.

"तुला सांगितलेलं ना मी," हितेश म्हणाला.

"सांगितलेलंस. मी ऐकलं पण. मग हाफ डे टाकून आले." तिने खोकं वाटीशेजारी जमिनीवर ठेवलं आणि वरचं झाकण काढलं.

आत पुठ्ठ्याचं घर होतं. चार मजल्यांचं, बुटकं, मधून आरपार एक बोळ गेलेला. तुळसाला ते ओळखीचं वाटलं, कारण त्यातलं अर्धं तिचंच होतं. मागच्या महिन्यात ही पोरगी चार रविवार तिच्याजवळ वही घेऊन बसली होती. आजी, वारा कुठून येतो? किती वाजता फिरतो? मिठागरावर सावलीला कुठे बसायचात? तुळसाने सांगितलं होतं, दुपारी तीननंतर खाडीवरून वारा सुटतो, त्याची आम्ही वाट बघायचो, तो आला की वाफ्यातलं पाणी आटायला लागायचं. इतकी वर्षं हे कोणी तिला विचारलं नव्हतं. आणि आता तो वारा पुठ्ठ्यात कापलेल्या बोळातून चालला होता.

"बाबा, दोन मिनिटं. टॉवरऐवजी आपलं आपण हे बांधू शकतो. बंटीदादा, तुम्ही पण बघा." संचिताने मोबाइलची बॅटरी लावून पुठ्ठ्याच्या घरावर तिरकी धरली. "हा मेमधला चारचा सूर्य. मावळतीला मी जिना आणि बाथरूमं टाकलीयत आणि जाड भिंत. ऊन काय खायचं ते तिने खावं. मम्मी, तुझं स्वयंपाकघर आता मावळतीला आहे ना, ते इथे आलं, उत्तरेला."

स्वप्ना ग्लास हातात घेऊन वाकली. सत्तावीस वर्षं ती मावळतीच्या भिंतीला पाठ देऊन पोळ्या करत होती. "आणि हा बोळ?"

"तुळसाआजीचा वारा. सगळ्या खोल्यांतून जातो."

"मॅडम, छान आहे हो," बंटी मोठ्या मनाने म्हणाला. "पण तुमच्या ऑफिसातून तर आमच्यासारखेच टॉवर निघतात."

"निघतात ना. मीच काढते. काचेमागच्या कुठल्या खोलीला किती टनाचा एसी लागेल ते पण मीच लिहिते. म्हणून तर सांगते, माझ्या आजोबांना त्या भट्टीत नाही बसवणार."

"बस झालं," हितेश म्हणाला. "भिंती कशाच्या आहेत ते सांग यांना. सांग ना."

संचिताने मोबाइल खाली ठेवला. "कॉलम-बीमना काँक्रीटच आहे, पण स्लॅग सिमेंटचं. पोलादाच्या भट्टीतली मळी दळून घातलेलं. भिंतींना सिमेंट नाहीच, दाबलेल्या मातीच्या विटा आणि चुन्याचा गिलावा. सिमेंट भाजताना जेवढा धूर निघतो ना बाबा, आपण राहायला जायच्या आधीच ते घर हवा नासवून बसलेलं असतं. म्हणून जिथे लागतं तिथे पूर्ण घालायचं, जिथे लागत नाही तिथे कमी करायचं."

"कमी!" हितेश उठूनच उभा राहिला. "हा शब्द या घरात काढायचा नाही. एकदा कमी घातलं ना, बघ वर! त्या धोंडिबा गवंड्यानं सिमेंटच्या गोणी पळवल्या आणि आपण एकतीस वर्षांत जाळीखाली आलो. तुझ्या आईचं डोकं फुटलं असतं. मला पक्कं घर पाहिजे, संचिता. मला हवेचं नको सांगू, मला रात्री झोप लागली पाहिजे."

त्याचा आवाज चिरकला. तो लबाड नव्हता, घाबरलेला होता, आणि ते तुळसाला सगळ्यांहून जास्त कळत होतं. तो गोणी-गोणी म्हणत होता ते त्याला कोणी शिकवलं होतं हेही तिला ठाऊक होतं.

"धोंडिबानं सिमेंट नाही चोरलं," संचिता म्हणाली.

"तुला काय माहीत? तू जन्मली पण नव्हतीस."

"मी कॉलममधून नमुना काढून लॅबला दिलेला. मागच्या महिन्यात ती माणसं आलेली ना, ड्रिल घेऊन? तुला वाटलं बिल्डरची आहेत." तिने पिशवीतून कागद काढला. "सिमेंट पुरेसं आहे. भरपूर आहे. काँक्रीटमध्ये मीठ आहे, बाबा. खूप. मिठानं सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट ढकलून देते. वर जे पडतंय ते त्यामुळे."

बंटीने सरबताचा ग्लास खाली ठेवला.

"मीठ कुठून आलं?" स्वप्नाने विचारलं.

"रेतीतून. खाडीची रेती न धुता वापरली असणार." संचिता आजोबांकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं, ती साधी चौकशी करत होती. "आजोबा, रेती कुठली होती?"

गोविंदाने खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "लॅबवाल्यांना काय कलतं? रेती होती चांगली." मग तो म्हणाला, "धोंडिबाला सांगितलेलं मी, धुऊन घे म्हणून. आलशी माणूस. नसल घेतली."

तुळसाने भावाकडे पाहिलं. सोळा वर्षं त्या माणसावर चोरीचा आळ होता. आता चोरी फिटतेय म्हटल्यावर भावाने बसल्या जागी दुसरा आळ काढून त्याच्या गळ्यात घातला.

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. जुनं कौलारू घर पाडून कोपर गावातला पहिला मोठा स्लॅब पडायचा होता. मिठाच्या कामाला वापरायची ती स्वतःची होडी गोविंदाने रेतीला जुंपली. वैशाखातली खाडी, पाणी जिभेला लावलं तर झोंबेल असलं. धोंडिबा गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही रेती गोड्या पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय मी हात लावणार नाही. धुवायचं काम तुळसाकडे आणि आणखी दोन बायकांकडे आलं. पण विहीर तळाला गेलेली, आणि स्लॅबचं जेवण आठ गावांना सांगून झालेलं. गोविंदा म्हणाला, राहू दे. मिठातला बोंबील वरीसभर टिकतो, आपला स्लॅब काय नासतोय? आपण मिठावर जगलो, मीठ आपलं वाईट करणार नाय. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. मिठागराच्या मालकालाच असलं काही वाटू शकतं, दुसरा कोणी अशी चूक करायला धजावला नसता.

स्लॅबच्या सकाळी धोंडिबा रेतीच्या ढिगाशी आला. चुना-तंबाखूने त्याची जीभ मेलेली होती, आणि गावात सगळ्यांना माहीत होतं की मीठ पारखावं ते तुळसाने. नुसत्या जिभेवर ठेवून ती सांगायची, कुठल्या वाफ्यातलं आहे. त्याने चिमूटभर रेती तिच्या हातावर ठेवली. म्हणाला, ताई, तुम्ही चाखा. तुम्ही गोड म्हणालात तर मी माल कालवतो.

तिने रेती जिभेवर ठेवली. समोर ढिगापलीकडे भाऊ उभा होता, तो नुसता तिच्याकडे बघत होता.

"गोड हाय," ती म्हणाली होती.

दहा वर्षांत पहिली भेग पडली. पंधराव्या वर्षी गॅलरीचा कठडा आला खाली. गोविंदाने चारचौघांत धोंडिबाचं नाव घेतलं, आणि त्यानंतर कोपर-डोंबिवलीत त्याला कोणी थापी हातात धरू दिली नाही. घरदार उचलून तो कल्याणला गेला. जाण्याआधी एकदा या ओट्यापर्यंत आला होता. ताई, तुम्ही चाखली होती ना, एवढंच म्हणाला. ती आत निघून गेली होती.

"मग ठरलं," आत्ता हितेश म्हणत होता. "मीठ असो नाहीतर गोणी, गवंड्यानंच घात केला. परत असले प्रयोग नकोत. अण्णा, मीठ घ्या आणि सही करा."

गोविंदाने वाटीकडे हात नेला.

"दादा," तुळसा म्हणाली. "मीठ नको घेव."

"काय झालं?"

"जिभेवर मीठ ठेवून आनखी एक खोटं बोलशील. त्या वाटीला तरी सोड."

गोविंदाचा हात तिथेच राहिला. हितेश एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघू लागला.

"रेती आपल्या होडीतली होती," तुळसा उठत म्हणाली. गुडघे वाजले, तरी कोणाचा हात धरला नाही. "धुतली नाय. दादा बोल्ला नको धू, मी धुतली नाय. धोंडिबानं माझ्या हातावर ठेवली, मी चाखली आनि गोड हाय म्हनून सांगितलं. खारट होती. मिठागराच्या बांधावरची माती असते तशी खारट. त्या मानसानं माझ्या जिभेवर भरवसा ठेवला, दुसरा काय गुन्हा नाय त्याचा."

"तुलसे, आत जा." गोविंदाचा आवाज खाली उतरला होता, आणि या घरात तो आवाज उतरला की माणसं खोलीबाहेर जायची. "बाहेरच्या मानसाम्होरं घराची अब्रू काढतस? कुनाच्या छपराखाली बेचालीस वर्सं खाल्लंस?"

तुळसाला ते लागलं. बेचाळीस वर्षांत न काढलेला शब्द आज निघाला होता. रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो राग, आणि इतका भरभरून आला की तिचं तिलाच बरं वाटलं.

"तुझ्याच," ती म्हणाली. "तुझ्याच छपराखाली. त्याला जाली बांधलीय, ती पन मीच झाडते." जाळी मधोमध हाताला लागेल इतकी लोंबली होती, तिने हात वर करून तिच्यात अडकलेला एक तुकडा काढला. करड्या पोपड्यावर पांढरी बुरशीसारखी पूड फुलली होती. तिने तो भावाच्या मांडीवर ठेवला. "पोरीचा कागद खोटा ना? लॅबवाल्यांना कलत नाय ना? मग तू चाख. तू तर मिठागराच्या मालकाचा पोर. चाख आनि गोड हाय म्हन. मी आत्ता बंटीच्या कागदावर सही करते."

"अहो आजी, कशाला हे..." बंटी अर्धवट उठला.

"बस तू," स्वप्ना म्हणाली. सासऱ्यासमोर आवाज चढवून ती आजवर बोलली नव्हती. बंटी बसला.

संचिता घाबरून गेली होती. आपल्या कागदाने घरात काय उघडलं हे तिला आता कळत होतं. "आजी, राहू दे. मला नको घर. आजोबांना नको असं..."

"तू गप. तुझ्या घरासाठी नाय चाललंय हे. आनि घर तर होनारच हाय."

गोविंदा मांडीवरच्या पोपड्याकडे बघत राहिला. मग त्याने बोटाने ती पांढरी पूड टिपली आणि जिभेवर ठेवली. त्याने डोळे मिटले.

"खारट हाय," तो म्हणाला.

हितेश मटकन खाली बसला, थेट जमिनीवर, पुठ्ठ्याच्या घराशेजारी. "अण्णा, मी त्याला भर नाक्यावर चोर म्हटलेलं. मी. मी तेव्हा कॉलर धरलेली त्याची."

मग त्याने पुठ्ठ्याची भिंत बोटाने दाबून बघितली आणि मुलीला विचारलं, "म्हणजे सिमेंट कमी घातलं म्हणून घर पडत नाही?"

"योग्य ठिकाणी पुरेसं घातलं तर नाही, बाबा. हिशोब मी एकटी करणार नाही, तुझ्यासमोर दोन इंजिनिअर बसवू. आणि रेती तू स्वतः चाखायची."

"आणि हे सगळं?" त्याने वरच्या स्लॅबकडे बोट केलं. "टाकून द्यायचं?"

"अजिबात नाही. खारट आहे म्हणून सळईच्या जवळ जाऊ द्यायचं नाही, एवढंच. फोडून जोत्याच्या भरावात घालू, कुंपणाच्या भिंतीत घालू. नवीन खडी तेवढी कमी लागेल."

"भरावात घाला," गोविंदा डोळे न उघडता म्हणाला. "माझ्या पायाखाली राहू दे. बरं हाय."

बंटीने टॅब बंद केला. तो व्यवहाराला पक्का होता, वाईट माणूस नव्हता. कागद फाइलमध्ये घालताना एवढंच म्हणाला, "आजी, आमचे साहेब आठ दिवसांनी परत फोन करतील."

"करू दे. फोन हितेशकडं हाय, सही माझ्याकडं हाय. मी काचेत बसनार नाय, सांग त्यांना."

तो गेल्यावर स्वप्नाने पुठ्ठ्याच्या घरातलं स्वयंपाकघर पुन्हा एकदा बघितलं. "ओटा थोडा उंच कर गं," ती मुलीला म्हणाली. "वाकून कंबर गेली माझी." संचिताने पेन्सिलीने तिथेच खूण केली.

तुळसाने मिठाची वाटी उचलली आणि भावासमोर धरली.

"आथा घे."

"कशाला आथा?"

"आज कल्यानला जायचंय. धोंडिबाच्या दारात. चाखलेलं सांगायचं आनि इथल्या पाच मानसांत पन सांगायचं. ते झाल्याबिगर मी पोरीच्या कागदावर पन सही करनार नाय."

संचिताने चमकून वर पाहिलं. तिचंही घर आता त्या दारावर अडलं होतं. पण ती गाडीची किल्ली घ्यायला उठली. हितेश तिच्या आधी उठला होता.

गोविंदा वाटीकडे बघत बसला. एक्याऐंशी वर्षांत हा माणूस कोणाच्या दारात मान खाली घालून गेला नव्हता, आणि ते तुळसाइतकं कोणाला माहीत होतं? तिला त्याची कीव आली. तरी तिने वाटी मागे घेतली नाही.

"आनि त्यानं दार नाय उघडलं तर?" त्याने विचारलं.

"तर त्याच्या ओट्यावर बसू. तो बसला सोला वर्सं. आपन एक दुपार बसू."

गोविंदाने चिमूटभर मीठ उचललं, जिभेवर ठेवलं आणि चपलांसाठी पाय पुढे केले.